माझ्या वाटचं गाणं

दारावरचं आंब्याच्या पानांचं तोरण वाळून कडकड वाजायला लागलंय, तरी ते काढायला माझा हात धजत नाही. माझ्या मुलाचं लग्न परवा होऊन गेलं. पाहुणे पांगले, भाड्यानं आणलेली पातेली परत गेली, पण उंबऱ्यावरची हळद अजून तशीच आहे. वैशाख चालू आहे. खालच्या रस्त्यावरून रोज एक तरी वरात जाते. बँडवाले चौकात थांबतात, पाण्याचा टँकरवाला मागून हॉर्न देतो आणि नवरदेवाचा घोडा बिचारा दोघांच्या मध्ये कान पाडून उभा राहतो. मी गॅलरीतून बघते आणि मला प्रयागआत्या आठवते. आठवते म्हणायचं एवढंच, बाई आत पंख्याखाली झोपलेली आहे आणि तिचं घोरणं बँडच्या वर ऐकू येतंय.

प्रयागआत्या म्हणजे माझ्या वडिलांची, अण्णांची, धाकटी बहीण. पैठणच्या अलीकडच्या एका खेड्यात दिलेली, शेतकऱ्याघरची, चौथी शिकलेली. आणि आमच्या सगळ्या भागात लग्नाची गाणी रचणारी आणि गाणारी. मुलीकडच्या बायकांनी मुलाकडच्यांना, त्यातही मुलाच्या आईला म्हणजे विहिणीला, पंगतीत गाण्यातून चिडवायचं ही आमच्याकडची जुनी रीत. बाकीच्या बायका आईकडून, सासूकडून आलेली गाणी म्हणत. आत्या दर लग्नाला नवं गाणं बांधायची आणि एका विहिणीला म्हटलेलं दुसरीला कधी म्हणायची नाही. उष्टं गाणं पाव्हण्याला कसं वाढायचं, असं तिचं म्हणणं. मानधन म्हणजे एक खण आणि नारळ. वाद्य म्हणजे हाताला लागेल ती थाळी आणि चमचा. पेटीशी तिचं कधी पटलं नाही. पेटी गाण्याला शाळेत बसवते, असं ती माझ्याकडे बघून म्हणायची, कारण मी शाळेत शिकवते.

लग्न ठरलं की तिची हेरगिरी सुरू व्हायची. बियाणं बघायला, कुणा लांबच्या नातलगाची चौकशी करायला, असं काहीतरी निमित्त काढून ती विहिणीच्या गावाला एसटीनं जायची आणि थेट पिठाच्या गिरणीत जाऊन बसायची. गावात कोण कशावरून हसतं ते गिरणीत कळतं. विहीणबाई सकाळी किती वेळ वेणी घालतात, भाजीवाल्याशी कशा भांडतात, सिनेमात कुठल्या जागी रडतात, सगळं. पण तिचे नियम कडक होते. रंग, उंची, माहेरची गरिबी, पोटी मूल नसणं, यांना हात लावायचा नाही. जे त्या बाईला सोडता येईल आणि तरी ती सोडत नाही, तेच धरायचं. आणि दुसऱ्याला नावं ठेवायच्या आधी स्वतःच्या घरच्यांना ठेवायची.

गाणंही तिला गिरणीतच सुचायचं. पट्टा फटफट करायला लागला की तिची मान हलायला लागायची, आणि डबा दळून होईतो दोन कडवी तयार. शांततेत तिला एक ओळ सुचत नाही. लिहून ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. जे विसरलं ते टिकायच्या लायकीचं नव्हतं, असा तिचा सरळ हिशेब. आता आमच्या फ्लॅटमध्ये गिरणी कुठली? मुलाच्या लग्नाच्या आदल्या आठवड्यात ती वॉशिंग मशीनशेजारी बादली पालथी घालून तासन् तास बसलेली असायची. मला वाटायचं, म्हातारीला तिथं गार वाटत असेल.

कुणाकडून शिकलीस, असं तिला आजकालची मुलं मोबाईल समोर धरून विचारतात. ती पैठणच्या बसच्या एका कंडक्टरचं नाव सांगते. तो थांब्यांची नावं अशी पुकारायचा की झोपलेला माणूसही नेमका आपल्या गावाला उठायचा. दुसरं नाव रेडिओवरच्या क्रिकेटच्या समालोचनाचं. तिला क्रिकेटमधलं आजतागायत काही कळत नाही. पण चेंडू वर गेला की तो माणूस आवाज कसा धरून ठेवतो आणि खाली आल्यावर कसा सोडतो, ते तिनं उचललं. तिच्या गाण्यातही शेवटच्या शब्दाच्या आधी ती चमचा हवेत धरते. सगळी पंगत घास हातात घेऊन थांबते. मग शब्द पडतो.

आणि तिसरी खाला. शहागंजात एका बोळाच्या तोंडाशी बांगड्यांचं छोटं दुकान होतं, तिथली म्हातारी. सगळे तिला खालाच म्हणत. बांगडी चढवताना हात दुखू नये म्हणून ती गिऱ्हाइकाला गाणं ऐकवायची, बहुतेक वेळा त्यांच्या लग्नांतलं, समधनला म्हणजे विहिणीला चिडवायचं. आत्याला पहिल्यांदा ते ऐकून इतका आनंद झाला, की तिनं बांगड्या भरलेले दोन्ही हात खालाच्या गळ्यात टाकले आणि दोन बांगड्या फुटल्या. मग वर्षानुवर्षं दोघींची देवाणघेवाण चालली. खालाची चाल आत्याच्या मराठीत आली आणि आत्याच्या ओळी दखनीत जाऊन कुठल्या कुठल्या निकाहात पोचल्या. शहराच्या नावावरून पुढे भांडणं झाली, पण आत्याची शहागंजातली फेरी चुकली नाही. खाला गेली तेव्हाच ती थांबली.

आत्याच्या आवडीनिवडी सांगायला गेलं तर एक वेगळा लेख होईल. पोपटी रंग. इतका पोपटी की बघणाऱ्याचे डोळे दिपावेत. आल्याचा चहा, घसा जळेपर्यंत. जुन्या हिंदी सिनेमातली रडकी गाणी, जी ती स्वतः कधीही रचणार नाही. दौलताबादची सीताफळं. आणि गुलमंडीतली गरम जिलबी. अण्णा नोकरीसाठी शहरात आले तेव्हा आम्ही गुलमंडीच्या मागच्या गल्लीत भाड्यानं राहायचो. आत्या आली की मला घेऊन बाहेर पडायची आणि हलवायापुढे उभी राहून विचारायची, तुला घेऊ का गं सुमे? मी म्हणायचे, नको. ती आपल्यापुरती घ्यायची. मग कागदावरची निम्मी जिलबी मी संपवायची. दरवेळी हेच. मागणं मला कधी जमलंच नाही. माझ्या हावरटपणाला मी नम्रपणा समजत होते आणि आत्या त्याला काहीच म्हणत नव्हती. नुसती बघून ठेवत होती.

ज्या लग्नसराईबद्दल मला लिहायचंय ती माझ्या थोरल्या बहिणीच्या, ताईच्या, लग्नाची. मी दहावीची परीक्षा देऊन मोकळी झाले होते आणि आत्यानं मला आपल्या मागं झील धरायला, म्हणजे ओळीचं शेपूट उचलून परत म्हणायला, भरती करून घेतलं होतं. उन्हाळा असा की मांडवाच्या कापडाखाली माणसं शिजत होती. कडुलिंबाचा मोहर, मठ्ठ्यातलं आलं, भिजवलेल्या जमिनीवरचा चुना आणि कुणाच्या तरी नव्या कोऱ्या शालूचा तो पेटीतला वास, हे सगळं अजून माझ्या नाकात आहे. अण्णा कोट घालून घामानं निथळत होते.

ताईला गंगापूरकडे दिली. तिच्या सासूबाईंचे यजमान मुलं लहान असतानाच गेले होते. बाईंनी एकटीनं मोसंबीची बाग सांभाळली, मुलांना शिकवलं. आत्या नेहमीप्रमाणे त्यांच्या गावी हेरून आली होती. बाई कुणाच्याही घरी गेल्या तरी पिशवीत स्वतःच्या घरच्या चहापत्तीची पुडी घेऊन जातात, दुसऱ्याच्या पत्तीवर त्यांचा विश्वास नाही, ही बातमी तिला गिरणीत मिळाली होती. तेवढ्यावर तिनं झकास गाणं बांधलं. मी त्याची झील आठवडाभर घोकत होते.

पंगत बसली. आत्यानं थाळी घेतली आणि रिवाजाप्रमाणे घरापासून सुरुवात केली:

आधी आमचं सांगते, मग तुमचं सांगते गं
आमच्या अण्णाचा कोट शेजाऱ्याचा गं!

तो खरंच शेजाऱ्याचा होता. अण्णा लाजून कोट काढायला लागले तशी पंगत आणखी हसली. मग मुलाच्या काकूची पाळी आली:

काकूबाई बसल्या, पंख्याखाली बसल्या
पंखा बंद पडला तशा आमच्यावर रुसल्या!

काकू लटक्या रागानं पान सोडून उठायला निघाल्या, त्यांना ओढून खाली बसवलं. मग करवल्या झाल्या, मुलाचे मिशीवाले मामा झाले, नवरदेवाचा मित्रही झाला. ताईच्या सासूबाई पंगतीच्या टोकाला, भिंतीशी बसल्या होत्या. साधं मोतिया रंगाचं लुगडं, डोक्यावरून पदर. मामांचं गाणं संपलं तेव्हा त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला, पदर नीट केला आणि आत्याकडे तोंड करून बसल्या. मी झील उचलायला श्वास घेतला. आत्यानं त्यांच्याकडे एकदा बघितलं, आणि थाळी उलटी करून खाली ठेवली. गाणी संपली.

मागच्या खोलीत मी तिला विचारलं, पुडीचं गाणं? आत्या हळू आवाजात म्हणाली, नवरा गेलेली बाई, तिला भर मांडवात कसं चिडवायचं, मनाला लागंल तिच्या. अण्णांनी ते ऐकलं आणि आपल्या बहिणीला केवढी समज आहे म्हणून त्यांचे डोळे भरून आले. मलाही तिचं कौतुक वाटलं. सगळ्यांनाच वाटलं.

लग्नानंतर ताई मांडवपरतणीला घरी आली. जेवताना सहज सांगावं तसं तिनं सांगितलं, की सासूबाई चांगल्या आहेत, पण घरी गेल्यापासून गप्प आहेत. काल रात्री भाकरी थापता थापता त्यांनी एवढंच विचारलं, "तुमच्या आत्यानं समद्यांना नावं ठेवली. माझ्या वाटचं गाणं कुठं गेलं?"

आत्याचा हात ताटातच राहिला. तिला चूक झालेली कळली, पण काय चूक ते नीट कळेना. तेव्हा तिचे यजमान, म्हणजे आमचे मामा, हयात होते. ते बाहेर पुरुषांत बसून तिची गाणी ऐकायचे आणि कनातीच्या पलीकडून त्यांचं हसणं आत यायचं. मांडवात सगळे असूनही आपण नसल्यासारखं होणं तिला ठाऊक असायचं काही कारणच नव्हतं. दुपारच्या उन्हात ती मला घेऊन शहागंजात गेली. खालानं सगळं ऐकून घेतलं, कुणाच्या तरी हातात हिरव्या बांगड्या चढवत. खाला स्वतः तरुणपणीच एकटी पडलेली.

"समधन कू छेड़े नइं," ती म्हणाली, "तो वो मेहमान बनके आई, मेहमान बनके चली गई. रिश्ता कहाँ हुआ?"

दुसऱ्या दिवशी आत्यानं पोपटी लुगडं नेसलं, आमची पितळी थाळी पिशवीत घातली आणि गंगापूरची बस धरली. मला झील धरायची होती म्हणून मीही बरोबर. अण्णा अडवत होते. लेकीच्या सासरी असं न सांगता, त्यात थाळी घेऊन जायचं? त्या बाईंनी अपमान मानला तर ताईचं काय? आत्याला याची भीती नव्हती असं नाही. बसमध्ये ती सारखी पिशवीत हात घालून थाळी आहे ना ते बघत होती.

ताईच्या सासूबाई अंगणात ज्वारी पाखडत होत्या. आम्हाला बघून त्यांनी सूप थांबवलं नाही. या म्हणाल्या नाहीत, बसा म्हणाल्या नाहीत. ताई आदल्या संध्याकाळीच सासरी परतली होती; ती दारात येऊन भिंतीला टेकली, तिचा चेहरा पांढरा पडलेला. आत्यानं पिशवीतून थाळी काढली आणि अंगणाच्या मधोमध, उन्हात उभी राहून सुरू केलं:

विहीणबाईंची पिशवी बाई, पिशवीत पुडी चहाची
पाव्हण्याच्या चुलीवर बी पत्ती आपल्या घरची!

मी झील धरली, पण माझा आवाज फाटला. शेजारपाजारच्या बायका कुंपणाशी जमल्या. सूप चालूच. आत्यानं तेच कडवं पुन्हा घेतलं आणि शेवटच्या शब्दाआधी चमचा हवेत धरला. सूप थांबलं. 'घरची' पडलं तशी कुंपणापलीकडची एक म्हातारी खो खो हसायला लागली आणि म्हणाली, व्हय, खरं हाय, माझ्या घरी बी पुडी घेऊनच येती. मग सगळ्याच हसल्या. ताईच्या सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. त्यांचे खांदे हलत होते आणि हसतायत की रडतायत ते मला कळेना. दोन्ही चालू होतं.

मग त्या उठल्या, आत गेल्या, आणि चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला. आतूनच म्हणाल्या, "उशीर केला तुमी. आता दोन म्हणा."

त्या उन्हाळ्यापासून आत्याचा एक नवा नियम झाला. विहीण एकटी असली तर सगळ्यांत आधी तिचं गाणं, आणि इतरांना एक तर तिला दोन. काही मांडवांतल्या वडीलधाऱ्यांना हे रुचलं नाही, असल्या बाईचं नाव शुभकार्यात पहिलं कशाला, असं बोललं गेलं. आत्या भांडली नाही. थाळी जोरात वाजवली. पुढे मामा गेले. बायकांना वाटलं, आता प्रयागबाई बसतील घरी. पुढच्याच लग्नसराईत ती पोपटी लुगडं नेसून पंगतीत हजर होती. आवाज थोडा खाली आला होता, बस्स. माणूस म्हणून मी कुणासारखं व्हावं असं मला वाटत आलं असेल, तर ते तिच्यासारखं. मला ते जमलं नाही ही वेगळी गोष्ट.

माझे यजमान जाऊन आता चार वर्षं झाली. तेव्हापासून माझं 'नको' फार वाढलं होतं. नवी साडी? नको. सहलीला येता? नको. मुलाच्या लग्नात सूनबाईच्या घरच्यांनी कुठली साडी आवडेल असं विचारलं, त्यालाही नको. मुलगा चिडायचा. मी म्हणायचे, माझं काय आता, तुमचं होऊ दे छान. असं म्हटलं की लोक जास्त विचारत नाहीत आणि आपल्यालाही थोडं बरं वाटतं.

लग्नाच्या दिवशी सकाळी मी आरशापुढे उभी होते. कुणीतरी आणलेला मोगऱ्याचा गजरा पडला होता. तो मी केसाला लावून बघितला, मान वळवून बघितलं, पदर चारदा सारखा केला. मग गजरा काढून टेबलावर ठेवला. आत्या मागं पलंगावर भिंतीकडे तोंड करून झोपली होती. घोरत नव्हती, एवढं माझ्या लक्षात यायला हवं होतं.

बीड बायपासवरचं लॉन. सूनबाईचे वडील डॉक्टर, आई कॉलेजात शिकवते, सगळी माणसं मऊ बोलणारी, मनापासून चांगली. त्यांनी मला कूलरसमोरची खुर्ची दिली. दर थोड्या वेळानं कुणी ना कुणी येऊन, मॅडम, काही हवंय का, असं विचारून जात होतं. मी नको म्हणत होते. जेवणाआधी त्यांच्याकडच्या मुली माइक घेऊन उभ्या राहिल्या आणि एकेकाला चिडवायला लागल्या. माझ्या दिरांच्या ढेरीवर झालं, नवरदेवाच्या मित्रांवर झालं, ताईच्या मेकअपवरसुद्धा झालं. मी पाण्याचा पेला खाली ठेवला. पदर नीट केला. आणि पडद्यावर माझ्या यजमानांचा फोटो आला, बासरी वाजायला लागली, सगळ्यांनी माझ्याकडे अतिशय मायेनं बघितलं आणि कार्यक्रम संपला.

आपण तिथं आहोत की नाही तेच मला कळेना. ताईच्या सासूबाई भिंतीशी बसून आत्याकडे तोंड करून का बसल्या होत्या, ते मला तेव्हा, इतक्या वर्षांनी, पोटातून कळलं.

आमच्या बाजूच्या पहिल्या रांगेतून आत्या उठली. गुडघ्यांवर हात टेकत तिनं लॉन ओलांडलं, वाटेत केटररच्या टेबलावरची एक स्टीलची थाळी आणि चमचा घेतला, आणि मुलीकडच्या खुर्च्यांत जाऊन बसली. तिच्यामागोमाग ताईही गेली, झील धरायला. आत्या सूनबाईच्या आईला म्हणाली, "आजच्यापुरती मी तुमच्याकडली. माझी भाची मला आज विहीण लागती." आणि थाळी वाजली.

विहीणबाई नको नको, नको नको म्हणती
शेजारणीच्या ताटातली जिलबी उचलती!

माझे कान तापले. ताईनं झील अशी उचलली की पुरुषांच्या घोळक्यातली बोलणी थांबली. आत्या माझ्याकडे बघत होती, अगदी सरळ.

गजरा नको, शालू नको, नको नको म्हणती
आरशापुढं चोरून पदर सारखा...

चमचा हवेत. सगळं लॉन थांबलं. कूलर तेवढा घरघरत होता.

...करती!

हसण्याचा असा लोट आला, की स्टेजवर माझा मुलगा मुंडावळ्या बाजूला करून बघायला लागला. मीही हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसावंसं मला वाटत नव्हतं. कुठूनतरी एक गजरा आला, कुणीतरी माझ्या केसात खोचला. सूनबाईची आई वाढलेलं ताट हातात घेऊन माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"जिलबी घ्या की, विहीणबाई," ती म्हणाली. सकाळपासून ती मला मॅडम म्हणत होती.

"नको," मी उठत सवयीनं म्हणाले.

सगळा मांडव पुन्हा हसला. पलीकडून आत्या ओरडली, "बस खाली, तुझं अजून एक हाय." मी खाली बसले आणि विहिणीच्या ताटातली जिलबी उचलली.